दुखवट्याच्या घरची ब्राउनी

विनताला त्या दिवसांत कोणी विचारलं असतं, की बाई गं, तुला काय पाहिजे, तर तिने सोनंनाणं मागितलं नसतं, झोप मागितली असती. पण विचारतो कोण! घरी सासू, ऑफिसात साहेब, फोनवर पोरगी, आणि तिघांनाही तिच्याकडूनच काही ना काही पाहिजे. सकाळी उठून सासूचं, म्हणजे आईंचं, गरम पाणी, औषध, दोघींचा स्वयंपाक, मग ओमती नाल्याच्या पलीकडचं ते सरकारी ऑफिस, येताना भाजी, आल्यावर पुन्हा तीच कणीक आणि तोच कुकर. अंथरुणाला पाठ टेकायच्या आधी आईंच्या गुडघ्यांना तेल. त्यात तिला स्वतःचेही गुडघे होते, हे तिला जिना चढतानाच आठवायचं.

तिचा नवरा आलोक गेल्या श्रावणात गेला. आजार नाही, दवाखाना नाही. फॅक्टरीतून रिटायर होऊन जरा कुठं घरी रमला होता. सकाळचा चहा घेतला, पेपर उघडला आणि मान टाकली. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस, कोणाकडून काही करून घेतलं नाही. विनताला त्या पुण्याचा फार राग आला. अरे, चार दिवस तरी करून घ्यायचं होतं की बाबा! पण गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. तेरावं झालं, मुलगी अवंती पुण्याला आपल्या नोकरीवर परत गेली, आणि घरात दोन बायका उरल्या. एकीचा मुलगा गेलेला, एकीचा नवरा. त्यातलं पहिलं दुःख मोठं, असं सगळ्यांनी न बोलताच ठरवून टाकलं. भेटायला येणारे आईंजवळ बसायचे, आईंचा हात हातात घ्यायचे, आणि निघताना विनताकडे वळून म्हणायचे, "वहिनी, आईंना सांभाळा हं." विनता मान हलवायची आणि चहाचे कप उचलायची.

आई म्हणजे इंदूबाई. नवऱ्याचा, तुळशीरामांचा हात धरून चंद्रपूरकडून जबलपूरला आल्या, तेव्हा फॅक्टरीच्या क्वार्टरांमध्ये एका रांगेत सहा-सात तरी मराठी घरं असायची. त्यांचं सगळं शहाणपण त्या रांगेतलं. कोणाच्या घरी काय न्यायचं, काय नाही न्यायचं, कधी जायचं, कधी दारातूनच परतायचं, सगळं पाठ. त्यातलीच एक रीत अशी, की ज्या घरात वर्षाच्या आत कोणी गेलं, त्या घरी सणाचं गोड शिजत नाही. चूल पेटते, भाजीभाकरी होते, पण दिवाळीचा फराळ नाही, संक्रांतीचा तिळगूळ नाही. ते आणून द्यायचं आपल्या माणसांनी. दुखवट्याचं घर म्हणून कोणी विसरायचं नाही, उलट तिथं आधी जायचं. तुळशीराम गेले त्या वर्षी क्वार्टरमध्ये इतका तिळगूळ आला, की ठेवायला डबे पुरले नाहीत, परातीत झाकून ठेवावा लागला. आई हे सांगताना अजूनही दोन्ही हात पसरून परातीचा आकार दाखवायच्या.

आता तशी रांग कुठं राहिली! कोणी नागपूरला घर बांधलं, कोणी पोरांकडे पुण्या-बंगलोरला गेलं, कोणी वर गेलं. जे उरले ते गावभर विखुरलेले. दिवाळीला तरी थोडंफार आलं. आलोकला जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते, लोकांच्या लक्षात होतं. मराठी मंडळातून कोणी चिवडा आणला, आलोकच्या चुलत बहिणीने, बेबीताईंनी, करंज्या पाठवल्या. पण संक्रांत आली आणि कोणी म्हणजे कोणी आलं नाही.

तसं अगदीच कोणी नाही म्हणता येणार नाही. खालच्या मजल्यावरच्या नर्मदादीदींनी लाडू दिले. त्या शहपुऱ्याकडच्या, घरची शेती, तिकडून तीळ यायचे. मनाने लाख माणूस. पण आईंनी ते लाडू डब्यात ठेवायला लावले. "ती तर दर वर्षीच देते बिचारी," त्या म्हणाल्या. "तिला काय माहीत आपल्यातलं. हे आपल्या लोकांचं काम आहे."

आणि मग आई आपल्या लोकांची वाट बघायला लागल्या. तिळगूळ रथसप्तमीपर्यंत देता येतो, म्हणजे अजून दिवस आहेत, असा त्यांचा हिशोब. रोज संध्याकाळी तोंड धुवायच्या, धुतलेलं लुगडं नेसायच्या, आणि दाराजवळच्या खुर्चीत बसायच्या. विनता ऑफिसमधून यायची, तर दार सताड उघडं आणि खोलीत जानेवारीची थंडी.

"आई, दार लावू का? गार वारं येऊन राहिलं."

"नको लावू इतक्यात. कोणी आलं न् दार बंद दिसलं, तर जिन्यातूनच परत जाईन ना माणूस."

पहिले दोन-तीन दिवस विनताला वाईट वाटलं. मग राग यायला लागला. लोकांचा यायचा तो यायचाच, पण खरं सांगायचं तर आईंचाही यायचा. दिवसभर फायलींशी झटून घरी यावं, तर इथं ही राखण! नाही आणला कोणी तिळगूळ, तर आभाळ कोसळलं का? खाऊन कोणाचं पोट भरतं त्या चिमूटभराने? असं मनात यायचं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटायची.

शुक्रवारी रात्री ती आईंच्या गुडघ्यांना तेल चोळत होती. आई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "विनता, आलोकला विसरले का गं लोक?"

विनताचा हात थांबला. रडल्या असत्या, चिडल्या असत्या, तर तिने समजूत घातली असती. पण त्यांनी भाजीत मीठ घातलं का, असं विचारावं तसं विचारलं. रविवारी रथसप्तमी. तोवर कोणाचा तिळगूळ या घरात आला नसता, तर या म्हातारीने मनाशी पक्कं धरलं असतं, की आपला मुलगा माणसांच्या गणतीतून गेला. मग तिची समजूत ब्रह्मदेवाच्या बापालाही घालता आली नसती. "नाही विसरले, आई," विनता म्हणाली. "येतील." आणि बोलून बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की आता आणणं आलं.

आता आणायचं कुठून? विकतचा आणावा, तर आई डबा बघूनच ओळखतील. घरी करावा, तर रीत मोडते. शिवाय विनताच्या हातचा तिळगूळ आईंनीच तिला शिकवलेला, लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला शेजारी बसवून, पाक बोटावर बघायला लावून. तो कोणाच्याही डब्यातून आणला असता, तरी आईंनी एका घासात तिचा हात ओळखला असता. तिळाचं असं काही पाहिजे होतं, जे या घरात कधी झालंच नाही, आणि जे दात नसलेल्या तोंडात विरघळेल.

ती वाट अवंतीने दाखवली, फोनवरून. उंटावरून शेळ्या हाकाव्यात त्या आजच्या पोरींनी!

"मम्मी, ब्राउनी कर ना. ताहिनी डालके. इतकी सॉफ्ट होते ना, आजीला चावायला लागणारच नाही."

"ताहिनी म्हणजे काय बाप्पा?"

"अगं, तीळ ही तो है! भाजायचे, मिक्सीमध्ये थोडं तेल टाकून पीसायचे. पेस्ट होते. ती चॉकलेटच्या घोलमध्ये मिलवायची आणि थोडी वरून टाकायची. मी व्हिडिओ भेजते."

"आणि भाजायची कशात? माझ्या डोक्यावर?"

"नर्मदा आंटीकडे ओव्हन आहे ना!"

होता खरा. दीदींच्या मुलाने, पियूषने, हौसेने पाठवलेला. दीदी त्यात लोखंडी कढया ठेवायच्या.

विनताने व्हिडिओ दोनदा पाहिला. एक गोरीपान बाई हसत हसत चॉकलेटच्या काळ्या घोळावर पांढऱ्या तिळाच्या रेघा ओढत होती, जशी काही तिला जन्मात दुसरं काम नव्हतं. मग विनताने बेबीताईंना फोन लावला. हे सगळ्यात कठीण होतं. बेबीताई लांब रांझीला राहायच्या, स्वभावाने भोळ्या, पण जीभ मोकळी.

"अगं बाई, वहिनी!" त्या ओरडल्याच. "काकूंकडे कोणीच नाही आलं? मला वाटलं मंडळातल्या बायकांनी दिला असेल. इतके लोक आहेत!"

"सगळ्यांना असंच वाटलं असेल," विनता म्हणाली.

"आणि माझे हे गुडघे. घरी मी यंदा केलाच नाही काही, तिळाच्या गजकचं विकतचं पाकीट आणलं न् झालं." मग जरा थांबून, "पण वहिनी, तिळगूळ असा मागून घ्यायचा असतो का? कसं दिसते ते!"

"मी मागून कुठं राहिले, बेबीताई? मीच करून देऊन राहिले. तुम्ही फक्त घेऊन यायचं. खाली नर्मदादीदींकडे या, तिथून डबा उचला आणि वर या. आईंनी विचारलं तर समिधाने केला म्हणा. तुमची सून केक करते, हे त्यांना माहीत आहे."

बेबीताईंनी बरेच आढेवेढे घेतले, पण शेवटी हो म्हणाल्या. काकूंसाठी म्हणून.

शनिवारी ऑफिस सुटल्यावर विनता बड्या फुहाऱ्याच्या बाजारात गेली. ती गर्दी, ते हॉर्न, ते "दीदी, इधर देखिए". पांढरे तीळ घेतले, कोको आणि चॉकलेट घेतलं, लोणी घेतलं. अंडी नाहीत, कारण दीदींच्या स्वयंपाकघरात अंडं चालत नाही. त्याच्या जागी दही घालायचं, असं अवंतीने कळवलं होतं. सगळी पिशवी तिने परस्पर खालीच ठेवली. वर तीळ भाजले असते, तर वासाने आई खुर्चीतून उठून आल्या असत्या.

रविवारी दुपारी आईंना जेवू घालून, पांघरूण घालून ती खाली उतरली. दीदींनी ओव्हनमधल्या कढया काढून ठेवल्या होत्या. विनताने एका कढईत तीळ टाकले, गॅस बारीक केला.

"भाभी, आप स्टूल ले लो, बैठ के करो," दीदी म्हणाल्या. "हम ज़रा दूध लेकर आते हैं."

विनता स्टुलावर बसली. इथंच चुकलं. उभी असती तर निभावलं असतं. तीळ हळूहळू तापायला लागले, खिडकीतून ऊन पाठीवर आलं, घर शांत, कोणी हाक मारत नाही, कोणी काही मागत नाही. किती महिन्यांनी असं झालं होतं! तिने डोकं भिंतीला टेकवलं, ते फक्त क्षणभर.

"अरे राम! भाभी! सब जल गया!"

डोळे उघडले, तर स्वयंपाकघरात धूर, दीदी पदराने नाक दाबून खिडक्या उघडताहेत, आणि कढईत तिळांचा कोळसा. विनता उठून उभी राहिली आणि नुसती बघत राहिली. आधी तर तिला काही वाटलंच नाही. मग कढई मोरीत नेऊन ओतली, नळ सोडला, आणि त्या चर्रर आवाजात तिचं तोंड वाकडं झालं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, ते काय खोटं आहे?

दीदींकडचे तीळ लाडवांतच संपले होते, लाडू पियूष घेऊन गेला होता. कोपऱ्यावरच्या दुकानात विचारून आल्या, तर तिथं गजक होती, तीळ नव्हते. पुन्हा बड्या फुहाऱ्याला जाऊन यायचं, तर चार वाजता बेबीताई दारात. दीदी म्हणाल्या, "बिना तिल के बना लो भाभी. अम्माजी को क्या पता चलेगा? चॉकलेट ही तो दिखेगा."

बोलायला सोपं होतं. पण मग तो तिळगूळ कसला? नुसता केक झाला. ऑफिसात कोणाच्या वाढदिवसाला कापतात तसला. आणलाय दुसऱ्याने हे खोटं, केलाय समिधाने हे खोटं, आणि आत तीळही नाहीत, म्हणजे सगळंच खोटं! विनताला ते जमेना. ती जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली, आणि तिथं बसल्या बसल्या तिला आठवलं, की घरात तीळ आहेत.

होते. माळ्यावर, मागे, एका पिशवीत. आलोकच्या तेराव्याला गुरुजींनी काळे तीळ आणायला सांगितले होते. तिने घाईत मोठं पाकीट आणलं. गुरुजींनी घाटावर आलोकच्या नावाने मूठभर वाहिले, बाकीचे तसेच राहिले. खरं म्हणजे असलं उरलेलं घरात आणू नये, तिथंच ग्वारीघाटावर नर्मदेत सोडून द्यावं. पण त्या गडबडीत पिशवी रिक्षातून घरी आली, आणि आईंना दिसू नये म्हणून विनताने ती माळ्यावर ढकलली. पुढच्या रविवारी सोडून येऊ, असं म्हणत म्हणत श्रावणाचा माघ झाला.

ती वर गेली. आई झोपल्या होत्या, तोंड जरा उघडं. विनताने आवाज न करता स्टूल ओढलं, वर चढली, पिशवी काढली. पाकीट सुतळीने बांधलेलं होतं, ती गाठ तिच्याच हातची होती. तिने ती सोडली. हे काय करून राहिलीस तू, विनता? पितरांचे तीळ! सणाच्या गोडात! आईंना कळलं तर? देवाला कळलं तर? पण थकलेल्या माणसाला देवाची भीतीसुद्धा एका मर्यादेपर्यंतच वाटते. एक वास घेऊन बघितला. चांगले होते. किडे नव्हते. चॉकलेट काळं, तीळ काळे, कोणाला दिसणार? ती खाली उतरली, आणि या वेळी तीळ उभ्याने भाजले.

मिक्सरमध्ये त्यांची पेस्ट झाली डांबरासारखी, चकचकीत. तिने चॉकलेट आणि लोणी वितळवलं, साखर घातली, दही, मैदा, कोको, आणि मग ती पेस्ट. त्या व्हिडिओतल्या बाईसारख्या वरून रेघाही ओढल्या, पण काळ्यावर काळ्या रेघा, ओढल्या काय न् नाही काय. दीदी बघत होत्या. त्यांनी काळे तीळ पाहिले, विनताच्या तोंडाकडे पाहिलं, आणि ओव्हन सुरू केला. ओव्हनमधून वास यायला लागला, तेव्हा फक्त म्हणाल्या, "खुशबू तो अच्छी आ रही है, भाभी."

बेबीताई आल्या, जिन्याला हात टेकत, धापा टाकत. डबा हातात घेतला. "वहिनी, हे एकदम काळंकुट्ट दिसून राहिलं."

"चॉकलेट आहे," विनता म्हणाली. डोळे वर केले नाहीत.

वर आई उठून बसल्या होत्या. तोंड धुतलेलं, लुगडं बदललेलं, खुर्ची दाराकडे. जिन्यात पावलं वाजली तशी त्यांनी पदर सारखा केला. बेबीताई दारात उभ्या राहिल्या, आणि त्यांना बघून म्हातारीचं तोंड असं काही उजळलं, की मागे उभ्या असलेल्या विनताला ते बघवेना.

"तिळगूळ घ्या काकू, गोड बोला," बेबीताई म्हणाल्या आणि वाकल्या.

"आलीस ना गं बेबी!" आईंनी त्यांचा हात घट्ट धरला. "मी म्हणत होते विनताला, येतील लोक. ही म्हणे दार लाव. बस, बस. रथसप्तमीच्या आत आलीस, बरं केलंस. नाहीतर मला बाई वाटलं..." त्यांनी डोळे पुसले. मग डबा उघडला. "हे काय आहे? केक?"

"समिधाने केला, काकू. तिळाचाच आहे. नव्या पद्धतीचा."

"असू दे, असू दे. पोरींना जमते तसं त्या करतात. आठवणीने केला ना, झालं." त्यांनी बशी मागवली, एक तुकडा बशीत ठेवला आणि विनतापुढे धरला. "आधी त्याच्या फोटोपुढे ठेव. म्हणावं, बेबी आली होती. तुझ्या नावाने घेऊन आली."

विनताने बशी घेतली. फोटो भिंतीवर होता, खाली छोटं स्टूल. पाचसहा पावलं. ती फोटोसमोर जाऊन उभी राहिली. आलोक त्याच्या त्या नेहमीच्या, फोटोत ताठ झालेल्या चेहऱ्याने बघत होता. आईंशी खोटं बोलता आलं होतं. बेबीताईंकडून वदवून घेता आलं होतं. पण या माणसाला काय सांगायचं? बेबी आली होती, तुझ्या नावाने घेऊन आली? त्याच्याच तेराव्याचे तीळ त्याच्यापुढे ठेवून?

"आई," ती वळून म्हणाली. "हा बेबीताईंनी नाही आणला. मी केला. खाली, दीदींकडे. मीच बोलावलं त्यांना."

बेबीताईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं वहिनी..."

"आणि तीळ..." विनताला आता थांबता येईना. "पांढरे आणले होते. माझा डोळा लागला, जळले सगळे. मग माळ्यावरचे घेतले. ह्यांच्या तेराव्याचे. काळे. गुरुजींनी वाहून उरलेले."

"अहो!" बेबीताई उठूनच उभ्या राहिल्या. "पितरांचे तीळ? काकूंच्या तोंडात घालायला आणि माझ्या हाताने? वेड लागलं का तुम्हाला?"

"लागलं असेल!" विनता ओरडली. आपण इतक्या मोठ्याने ओरडू, असं तिलाही वाटलं नव्हतं. "लागलं असेल वेड. काय करू मग? कोणी आलं नाही हो, बेबीताई. रोज या इथं दार उघडं टाकून बसतात, आणि कोणी नाही आलं. कोणीच नाही!"

आई डब्याकडे बघत होत्या. त्यांच्या तोंडावरचं ते उजळणं पार गेलं होतं. विनताला वाटलं, आता डबा उचलून फेकतील. फेकला असता तरी ती काही बोलली नसती.

"गुरुजींनी वाहिले, ते त्याच्या नावाने ना?" आईंनी विचारलं.

"हो."

"त्याला देऊन हे उरले?"

"हो, आई."

आई बेबीताईंकडे वळल्या. "लहानपणी ताटात अर्धं टाकून पळायचा गं तो. भात, वरण, सगळं कालवून ठेवलेलं. कोण खायचं ते? मीच खायची. जन्मभर त्याचं उरलेलं मी खाल्लं, बेबी. आईला पोराच्या उष्ट्याचा विटाळ होतो का?"

बेबीताई हळूच खुर्चीत बसल्या.

आईंनी डब्यातला एक तुकडा उचलला आणि तोंडात घातला. दात नव्हते, त्यामुळे बराच वेळ तो तोंडात घोळवत राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही त्यांनी हात वर केला नाही. शेवटी गिळला.

"तो फोटोपुढे ठेव आता," त्या म्हणाल्या. "त्याचंच आहे." विनताने बशी ठेवली. "आणि इकडे ये."

विनता खुर्चीजवळ आली. काही आणायचं असेल, पाणी, रुमाल, असं समजून उभी राहिली.

"उभी काय राहून राहिली? बस."

ती जमिनीवर बसली. आईंनी डब्यातून दुसरा तुकडा घेतला आणि पहिल्यांदाच, श्रावणानंतर पहिल्यांदाच, नीट तिच्या तोंडाकडे बघितलं.

"इतके दिवस मी आपली दाराशी बसून माझंच बघत होते," त्या म्हणाल्या. "तुझा नवरा गेला. तुला आणला का गं कोणी?"

रोज संध्याकाळी गल्लीत वळताना आपल्याच दाराकडे बघत विनता जिना चढायची, वर कोणी आलंय का, कोणाच्या चपला बाहेर आहेत का, हे तिला आत्ता कळलं.

"नाही, आई," ती म्हणाली. "मला कोणीच नाही आणला."

"मग घे," आई म्हणाल्या, आणि तो तुकडा त्यांनी तिच्या तोंडात घातला.